लिनक्सवरचं ब्लूटूथ : ब्लूझीचा मागोवा

मे २००१मध्ये क्वालकॉमने मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी लिहिलेला ब्लूझी हा ब्लूटूथ स्टॅक जीपीएल परवान्याखाली खुला केला, आणि त्याच जुलैत आलेल्या लिनक्स कर्नल २.४.६मध्ये तो दाखलही झाला. स्वीडनच्या ॲक्सिसचा ओपनबीटी, आयबीएमचा ब्लूड्रेकर, नोकियाचा ॲफिक्स असे इतर स्टॅकही त्या सुमाराला होते. टिकला तो ब्लूझी, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण म्हणजे त्याला कर्नलमध्येच जागा मिळाली. कर्नलबाहेर राहणाऱ्याला प्रत्येक नव्या आवृत्तीमागे धावावं लागतं.

त्या काळात डेस्कटॉपवर ब्लूटूथ हवं असेल तर ते स्वतःच उभं करावं लागे. कर्नलच्या मेन्यूत यूएसबी ड्रायव्हर, एलटूकॅप, आरएफकॉम असे पर्याय निवडून कर्नल नव्याने कंपाइल करायचा. मग लायब्ररी आणि युटिलिटीज यांचे वेगवेगळे टारबॉल उतरवून कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. डाँगल लावलं की एचसीआयकॉन्फिग चालवायचं, ‘डाउन’ दिसलं तर ‘अप’ करायचं, आणि एचसीआयटूलने स्कॅन सुरू करून दहा-एक सेकंद वाट बघायची. मग फोनचा सहा जोड्यांचा पत्ता पडद्यावर उमटे.

पुढचा अडसर पिनचा. एचसीआयडी या डीमनच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘पिन हेल्पर’ म्हणून एका प्रोग्रॅमचा पत्ता लिहायचा असे. समोरच्या फोनने पिन मागितला की डीमन तो प्रोग्रॅम चालवी. त्याने ‘पिन’, अपूर्णविराम (कोलन) आणि पुढे आकडे एवढं छापलं की पेअरिंग होई. अनेकांनी त्यासाठी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. काम किचकट होतं, पण शिकवणारं होतं. बिघाड रेडिओत आहे, कर्नलमध्ये आहे की वरच्या डीमनमध्ये, हे एकेक थर तपासत कळत जाई. आज बीटीमॉन या साधनात धावणारी पॅकेट्स वाचताना तीच समज कामी येते.

२००४मध्ये मार्सेल होल्टमन यांनी देखभाल हाती घेतली. पुढे संवादाचा मार्ग डी-बस झाला, पिन हेल्परची जागा एजंटने घेतली, आणि २००८च्या ब्लूझी ४मध्ये वेगवेगळे टारबॉल एक झाले. २००७च्या ब्लूटूथ २.१ने पेअरिंगची पद्धतच बदलली होती. दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसतात एवढं बघून ‘हो’ म्हटलं की झालं.

२०१२ मात्र जड गेलं. अँड्रॉइड ४.२ने ब्लूझी सोडून ब्लूड्रॉइड हा दुसरा स्टॅक घेतला. डिसेंबरात आलेल्या ब्लूझी ५ने जुना डी-बस इंटरफेस मोडला, अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीचा आधार काढला आणि हेडसेटची प्रोफाइलंही बाहेर ठेवली. आवाजाचं काम साउंड सर्व्हरने करावं, ही भूमिका होती. पण तो सर्व्हर तयार नव्हता. ब्लूझी ५वर संगीत ऐकायची सोय पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरच्या ५.० आवृत्तीने २०१४मध्ये दिली, आणि माइकसह हेडसेट २०१५च्या ६.०मध्ये आला. उबुंटू १४.०४ तर ब्लूझी ४वरच थांबलं. ही वाटणी योग्यच होती असं मला आजही वाटतं. पण मधल्या काळाची किंमत हेडफोन विकत घेतलेल्या साध्या माणसाने मोजली, आणि त्याला हे कुणी नीट सांगितलंही नाही.

त्या वाटणीचं फळ दिसलं ते पाइपवायर हा नवा साउंड सर्व्हर आल्यावर. एप्रिल २०२१मध्ये फेडोरा ३४ने तो आवाजासाठी मूळ पर्याय केला. तोवर घरून काम सुरू झालं होतं, आणि मीटिंगमध्ये माइक चालू केला की हेडफोनचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, हे हजारोंनी अनुभवलं होतं. कारण साधं आहे. संगीताचं ए-टू-डी-पी प्रोफाइल एकाच दिशेने आवाज नेतं. माइक हवा तर हँड्सफ्री प्रोफाइलवर जावं लागतं, आणि तिथे जुना सीव्हीएसडी कोडेक सेकंदाला ८,००० नमुन्यांवर चालतो. त्याच प्रोफाइलमधला नवा एमएसबीसी कोडेक १६,००० देतो. पाइपवायरमध्ये त्याचा आधार आला आणि बोलणं निदान स्पष्ट झालं.

स्वस्त डाँगलची कथा वेगळी लिहावी अशी आहे. केंब्रिज सिलिकॉन रेडिओच्या चिपची नक्कल इतकी पसरली की कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये नकली चिप ओळखायची तपासणी घालावी लागली. नकली चिपने ‘जमतं’ म्हणून सांगितलेली, पण न जमणारी कामं तिला द्यायचीच नाहीत. कुणा नावाजलेल्या कंपनीचं नव्हे, शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूचं हे दुखणं निस्तरण्यात लोकांनी संध्याकाळी घालवल्या, याचं मला फार अप्रूप आहे.

माइकच्या दुखण्यावर खरा इलाज एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिपद्धतीत आहे. डिसेंबर २०१९अखेरच्या ब्लूटूथ ५.२ने त्याचा पाया घातला. एलई ऑडिओतला एलसीथ्री कोडेक दोन्ही दिशांनी चांगला आवाज नेऊ शकतो. ब्लूझीत त्याची सोय येऊ लागली तेव्हा ती वापरायला कॉन्फिग फाइलमधले प्रायोगिक पर्याय हाताने चालू करावे लागले, चिप आणि तिचं फर्मवेअरही तसंच हवं, आणि हेडफोनही.