ऑनलाइन लेखांच्या प्रसारासाठी समाजमाध्यमांवरील पूर्वनियोजन साधने : कार्यपद्धती आणि मर्यादा

बीजसंज्ञा : समाजमाध्यमे, पूर्वनियोजित पोस्ट, युनिकोड, सायटेशन, महाविद्यालयीन नियतकालिके

प्रस्तावना :
महाविद्यालयीन नियतकालिकांतील शोधनिबंध आता बहुतांशी संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात उपलब्ध होतात. उपलब्ध होणे आणि वाचले जाणे या भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव संपादक मंडळास अंक निघाल्यानंतरच होते. प्रकाशनाच्या दिवशी सर्व लेखांच्या लिंक एकाच दमात फेसबुकवर टाकल्या जातात, सहकारी अभिनंदन करतात आणि पुढील अंकापर्यंत त्या लेखांचे नाव कोणी घेत नाही. हा प्रसार टप्प्याटप्प्याने करण्यासाठी जी स्वयंचलित साधने वापरली जातात, त्यांची कार्यपद्धती स्पष्ट करणे व त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साधनांचे स्वरूप :
ठरावीक वेळी संगणकाने आपोआप काम करावे ही कल्पना जुनीच आहे. युनिक्स प्रणालीतील क्रॉन हा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून तेच करीत आला आहे. समाजमाध्यमांसाठी ही सोय पुढे आली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २००८ मध्ये हूटसूट सुरू झाले. इंग्लंडमध्ये जोएल गॅस्कॉइन यांनी २०१० मध्ये सुरू केलेले बफर आरंभी केवळ ट्विटरपुरते होते. फेसबुकने २०१२ मध्ये पेज चालविणाऱ्यांना स्वतःच ही सुविधा दिली.

या साधनांचे काम मुळात एखाद्या दक्ष लिपिकासारखे आहे. मजकूर, लिंक, खाते आणि वेळ या चार गोष्टी ते नोंदवून ठेवते. वेळ होताच आपण पूर्वी दिलेल्या परवान्याच्या आधारे ते माध्यमाच्या सर्व्हरला विनंती पाठविते व पोस्ट प्रसिद्ध होते. या परवान्यास टोकन म्हणतात. त्यासाठी साधनाला पासवर्ड द्यावा लागत नाही. मात्र टोकनची मुदत संपली तर पोस्ट जात नाही, आणि सूचनेचा ई-मेल कोणी उघडला नाही तर हे कळतही नाही.

वेळ दोन प्रकारे ठरविता येते. प्रत्येक पोस्टला स्वतंत्र तारीख द्यावी, अथवा आठवड्यातील ठरावीक वेळा निश्चित करून पोस्टची रांग लावावी. बारा लेखांच्या अंकासाठी मंगळवार व शुक्रवार रात्री ८ ही वेळ निश्चित केल्यास सहा आठवडे रोज कोणी न बसता काम चालते. खात्यातील प्रमाणवेळ भारतीय असल्याची खात्री तेवढी करावी. ती जागतिक प्रमाणवेळेवर राहिली तर रात्री ८ ची पोस्ट आपल्याकडे पहाटे दीडला उमटते.

मराठी मजकुराचा प्रश्न :
इंग्रजीतील मार्गदर्शक पुस्तिकांत न आढळणारी अडचण येथे उद्भवते. आपल्या अनेक नियतकालिकांच्या पीडीएफ अद्यापि श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये तयार होतात. पडद्यावर उत्तम देवनागरी दिसते, परंतु लेखाचे शीर्षक उचलून साधनात चिकटविले की तेथे निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. गूगललाही तीच अक्षरे दिसत असल्याने लेख शोधात सापडत नाही, ही त्याहून मोठी हानी होय. यावर उपाय असा की, प्रत्येक लेखासाठी संकेतस्थळावर वेगळे पान करावे, त्यावर शीर्षक, लेखकाचे नाव व सारांश युनिकोडमध्ये टंकित करावा आणि पोस्टमध्ये पीडीएफऐवजी या पानाची लिंक द्यावी. पोस्टखाली दिसणारे शीर्षक व चित्र माध्यम अशा पानावरूनच घेते.

अक्षरमर्यादेचेही तसेच आहे. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, सामान्य खात्यास २८० चिन्हांची मर्यादा आहे. लिंक कितीही लांब असली तरी ती २३ चिन्हांची धरली जाते. परंतु देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा उच्चारात चार अक्षरांचा शब्द तेथे अकरा चिन्हांचा ठरतो. आपल्याकडील शीर्षकांची लांबी लक्षात घेता (प्रस्तुत लेखही त्यास अपवाद नाही) पोस्टसाठी स्वतंत्र वाक्य लिहावे लागते.

नियम व जोखीम :
ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरील साधनांद्वारे व्यक्तिगत प्रोफाइलवर पोस्ट करणे बंद केले. त्यामुळे ज्या प्राध्यापकांचे केवळ प्रोफाइल आहे, त्यांना विभागाचे पेज काढावे लागते. एकच मजकूर अनेक खात्यांवरून एकाच वेळी पाठविण्यास ट्विटरने त्याच वर्षी मनाई केली. साधनास परवाना देणे म्हणजे आपल्या नावाने बोलण्याचा अधिकार देणे होय. ऑक्टोबर २०१३ मध्ये बफरमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा त्याच्या वापरकर्त्यांच्या खात्यांवरून वजन घटविण्याच्या जाहिराती प्रसिद्ध झाल्या होत्या.

परिणामांविषयी :
एवढे करून लाभ किती ? ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगविषयक नियतकालिकाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४३ लेख यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. समाजमाध्यमांवर दिलेल्या व न दिलेल्या लेखांच्या तीस दिवसांतील वाचनात फरक आढळला नाही. वक्षशल्यचिकित्सेतील २०२० च्या प्रयोगात मात्र ट्विट केलेल्या लेखांना वर्षभरात अधिक सायटेशन मिळाल्याचे दिसले. २०२४ मध्ये ‘प्लॉस वन’ मध्ये आलेल्या प्रयोगात अकरा शास्त्रज्ञांनी ११० लेख ट्विट केले. डाउनलोड वाढले, परंतु तीन वर्षांनंतरही सायटेशनमध्ये लक्षणीय वाढ आढळली नाही. हे सर्व प्रयोग इंग्रजी विज्ञान-नियतकालिकांवरील आहेत. तरीही पोस्टच्या बळावर सायटेशन वाढेल असे आश्वासन लेखकांना देणे उचित नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते लाभ अन्यत्र आहे, आणि तोच आम्ही एकदा गमावला. आमच्या विभागाच्या पेजवर ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावरील लेखाची पोस्ट रांगेतून ठरल्या वेळी गेली. तिच्याखाली जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षकाने विचारले होते की, कोष्टकातील गळतीची टक्केवारी दिवाळीपूर्वीच्या पटावरून काढली आहे की नंतरच्या ? कारण कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात व पट बदलतो. प्रश्न लेखाच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. साधन चालू आहे या समजुतीने पेज कोणीच उघडले नाही. अकरा दिवसांनी तो दृष्टीस पडला, तेव्हा लेखकाने नोंदवही पाहून टक्केवारी नंतरच्या पटावरील असल्याचे मान्य केले. त्या शिक्षकाने पुन्हा काही लिहिले नाही.

तेव्हापासून रांग लावतानाच प्रत्येक पोस्टपुढे लेखकाचे नाव लिहिले जाते. ज्याची पाळी असेल त्याला आदल्या दिवशी दूरध्वनीवर कळविले जाते, आणि त्या रात्री ८ ते ९ व पुढील दोन दिवस दिवसातून एकदा पेज पाहण्याचे काम त्याचे असते. लेखक परगावी असल्यास त्याची पोस्ट पुढे ढकलली जाते. साधनात ही सोय एका कळीवर आहे.