जुन्या केसपेपरांची विल्हेवाट

मूळव्याध, वंध्यत्व वा मनोविकार रुग्ण वैद्यापाशी विश्वासाने सांगतो. तोच केसपेपर रद्दीतून किराण्याची पुडी होऊन बाहेर पडला, तर त्या विश्वासाचा भंग होतो. म्हणून असे कागद यंत्राने बारीक करणाऱ्या व्यावसायिकाकडेच सोपवावेत, असे आम्हांस वाटते.

तत्पूर्वी निवड आवश्यक आहे. वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ अन्वये नोंदणीकृत औषधविक्रेत्यास हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. न्यायप्रविष्ट प्रकरणांचे कागद बाजूस ठेवावेत. उरलेल्यांतून क्ष-किरण फिल्म, प्लॅस्टिकची आवरणे व फायलींच्या लोखंडी पट्ट्या काढाव्यात. गठ्ठ्यांची वर्षवार यादी करावी, काम समक्ष करवून घ्यावे आणि कागद नष्ट केल्याचा दाखला यादीसोबत जपावा.