घरी पाठविलेले मूल

वाचकहो, जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला गेलेल्या एखाद्या बापाची कल्पना करा. सकाळचे दहा वाजतात न वाजतात तोच शाळेतून बोलावणे येते : मुलाला घेऊन जा आणि पुढील निरोप मिळेपर्यंत पाठवू नका. मूल स्वमग्न आहे. घंटा कर्कश वाजली, वर्गात गलका झाला. त्याने कान झाकून घेतले आणि शेजारच्या मुलाला ढकलले. बाप अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून शाळेत जातो, हात जोडून क्षमा मागतो आणि मुलाला घरी आणतो. आईला वाटते, आपलेच काही चुकले असावे.

चूक कोणाची, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मुलाला घरी पाठविण्यापूर्वी शाळेने काय केले ? त्याला घंटेपासून दूरची जागा दिली होती काय ? त्रास होऊ लागताच बसावयास एखादा शांत कोपरा होता काय ?

ही केवळ दयेची मागणी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १६ प्रमाणे शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलाला भेदभावाविना प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. कायद्यात नोंदलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. शिवाय शिक्षण हक्क कायदा ज्या शाळांना लागू आहे, त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाचे नाव काढून टाकता येत नाही. नाव पटावर ठेवून मुलाला मात्र अनिश्चित काळ घरी बसविणे, हे या तरतुदीच्या हेतूशी विसंगतच म्हटले पाहिजे.

इतर देशांतील आईबापांनाही या प्रश्नासाठी झगडावे लागले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातील सात मुलांच्या वतीने गुदरलेल्या दाव्याचा निकाल १९७२ साली लागला. पैसा अपुरा आहे, ही शिक्षण मंडळाची सबब न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी मानली नाही. टंचाई असेल तर तिचा भार दिव्यांग मुलांवरच अधिक पडता कामा नये, असे त्यांनी सांगितले. आणि दोन दिवसांहून अधिक काळ मुलाला शाळेबाहेर ठेवावयाचे तर त्याची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे, असेही ठरवून दिले.

इंग्लंडमध्ये एका स्वमग्न मुलाला मारकुटेपणाबद्दल अवघा दीड दिवस शाळेबाहेर ठेवण्यात आले. दुसऱ्यास इजा करण्याची प्रवृत्ती असेल, तर तेवढ्यापुरते दिव्यांगत्वाचे संरक्षण नाही, असा तेथील नियम होता. आईबापांनी त्यास आव्हान दिले आणि २०१८ साली वरिष्ठ न्यायाधिकरणाने त्यांची बाजू उचलून धरली. अशा मुलांचे आक्रमक वागणे त्यांनी आपखुशीने निवडलेले नसते, हे निर्णयाचे मर्म होय.

याचा अर्थ ढकलले गेलेले मूल नगण्य आहे, असा नव्हे. त्याची सुरक्षितता, तसेच भरगच्च वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेची अडचण, दोन्ही खऱ्या आहेत. म्हणूनच उपाय वर्गात शोधावयास हवा. मूल घरी पाठविल्याने तो फक्त लांबणीवर पडतो.

मग पालकांनी काय करावे ? तोंडी निरोपावर विसंबू नये. कारण आणि मुदत लेखी मागावी. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून, कोणत्या सोयी हव्यात ते अर्जात स्पष्ट लिहावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. प्रत्येक प्रसंगाची तारीखवार नोंद ठेवावी. शाळेने दाद दिली नाही, तर शिक्षण हक्क कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, असे कलम ३२ सांगते. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांनाही चौकशीचा अधिकार आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तर १९५६ पासून जबलपुरातच आहे. परंतु तेथवर जाण्याची पाळी सहसा न यावी, हेच बरे.

रिछाईचा तो बाप उद्या पुन्हा शाळेत जाईल. क्षमा त्याने एकदा मागितली आहे. आता त्याच्या हाती अर्ज असावा, आणि शक्य तर मुलाची आईही बरोबर असावी. कारण घंटा वाजण्याआधी मुलाच्या मुद्रेवर काय उमटते, ते तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?