तारीख कशाची ठरवायची?

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स प्रणालीची 'बुकवर्म' आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली, 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ रोजी. दोन वर्षांची ही लय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की एकेकाळी डेबियनचा उशीर हा थट्टेचा विषय होता, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही.

'वूडी' जुलै २००२मध्ये आली आणि 'सार्ज' यायला ६ जून २००५ उजाडला. मधल्या काळात लिनक्सचं २.६ कर्नल येऊन दीड वर्ष झालं, तरी स्थिर डेबियन सहसा २.२ कर्नलवरच सुरू होत होतं. कारणं खरी होती. इन्स्टॉलर नव्याने लिहायला घेतला होता, शिवाय अकरा प्रकारच्या प्रोसेसरांवर सगळं चालायला हवं होतं. पण मेख अशी, की 'तयार झालं की देऊ' म्हटल्यावर कुणीच हात आखडता घेत नाही. एक बग निस्तरेपर्यंत दुसरा कुणीतरी नवं काहीतरी आत ढकलतो. तोवर ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटू आलं, तेही डेबियनच्याच पायावर, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देऊ लागलं. अर्थात तिथे पगारी माणसं होती.

मग २००६मध्ये डेबियनमध्येही पैशाचा प्रयोग झाला. 'डंक-टँक' नावाच्या उपक्रमातून दोन रिलीज मॅनेजरांना मानधन द्यायचं आणि 'एच' ही पुढची आवृत्ती डिसेंबरात बाहेर काढायची, असा बेत होता. फुकट राबणाऱ्यांना ते झोंबलं. काहींनी आपला हात काढूनही घेतला. 'एच' आली एप्रिल २००७मध्ये. उशीर पैशामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण पैशाने तो टळला नाही एवढं नक्की.

पुढचा डाव जुलै २००९चा. दर विषम वर्षाच्या डिसेंबरात फ्रीझ, म्हणजे नव्या बदलांना दार बंद, असं स्पेनमधल्या कासेरेसच्या डेबकॉन्फ या डेबियनच्या संमेलनात जाहीर झालं, तेही त्याच डिसेंबरापासून! जेमतेम पाच महिन्यांच्या नोटिशीवर ओरड झाली, आणि पहिल्या फ्रीझची तारीख मागे घ्यावी लागली. 'स्क्वीझ' गोठली ती ऑगस्ट २०१०मध्ये. माझ्या मते कल्पना बरोबर होती, घाई चुकली. 'जेसी'च्या वेळी ५ नोव्हेंबर २०१४ ही फ्रीझची तारीख वर्षभर आधी सांगितली गेली, आणि एप्रिल २०१५मध्ये आवृत्ती हातात पडली.

फ्रीझ म्हणजे काय, ते पॅकेज सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहावं. एरवी नवी आवृत्ती 'अनस्टेबल'मध्ये टाकायची. काही दिवसांत गंभीर बग निघाला नाही, की ती आपोआप 'टेस्टिंग'मध्ये जाते. कडक फ्रीझमध्ये बहुतेक पॅकेजांसाठी हे बंद होतं. तेव्हा जुन्या-नव्यातला फरक ओळीनिशी जोडून रिलीज टीमकडे अर्ज करायचा. तिथलं कुणीतरी, तेही स्वयंसेवकच, तो वाचतं आणि बरेचदा 'पुढच्या वेळी' म्हणतं. 'आज काम कर' असं फुकट राबणाऱ्याला कुणी सांगू शकत नाही. दार बंद मात्र करता येतं. म्हणून आवृत्तीची तारीख आजही शेवटच्या काही आठवड्यांतच ठरते, फ्रीझची मात्र कितीतरी आधी.

याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागतेच. ट्रिक्सीत ग्नोम या डेस्कटॉपची ४८वी आवृत्ती आहे. ग्नोम ४९ ट्रिक्सीच्या मागून पाच-सहा आठवड्यांत, सप्टेंबर २०२५मध्ये आलं. ज्यांना ते हवं, त्यांनी पुढच्या आवृत्तीची, 'फोर्की'ची वाट पाहायची किंवा सरळ 'टेस्टिंग' वापरायचं.