औजार गावातले, आरोग्य गावाचे

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर, औषधे आणि दवाखाना येतो. पण नीट पाहिले तर माणसाचा जीव पुष्कळदा एखाद्या साध्या वस्तूवर अवलंबून असतो. न्हाणीघरातला धरायचा दांडा, काठीच्या टोकाचे रबर, तोंडासमोरचा पारदर्शक पडदा, गर्दी मोजणारी चटई अशा या वस्तू. त्यांतल्या काही बाजारात मिळतात, काही मिळत नाहीत, आणि ऐन गरजेच्या वेळी मिळतीलच याची खात्री नसते. अशा वस्तू आपल्याच गावात, आपल्याच कारागिरांच्या हातून होऊ शकतात काय? झाल्या तर त्यांवर कितपत विसंबावे? आज याचा विचार करू.

रामकुंडाच्या वाटेवरचा धडा

२७ ऑगस्ट २००३. सिंहस्थातील शाहीस्नानाचा दिवस. पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले.

अशा घटनेत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. अनेकांचा मृत्यू उभ्या-उभ्या गुदमरून होतो. श्वास घेताना छाती फुगावी लागते आणि त्यासाठी जागा लागते. चारही बाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, माणूस बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा पोहोचते.

धोका किती गर्दीला सुरू होतो? एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेत पाच-सहा माणसे झाली की सावध व्हावे. त्याहून अधिक झाली की कोणीही स्वतःच्या पायाने चालत नाही. सगळा जमाव पाण्यासारखा हेलकावे खातो. म्हणून गर्दीतला मृत्यू टाळण्याचा खरा उपाय दवाखान्यात नाही. गर्दी दाटण्याआधीच ती ओळखणे आणि मागचा ओघ थांबवणे हाच तो उपाय. आणि ओळखायचे तर मोजले पाहिजे.

पावले मोजणारी चटई

२०१५ च्या सिंहस्थापूर्वी नाशकात ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत संशोधन करणारे, मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांनी त्यात पुढाकार घेतला होता. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, प्रशासनातील मंडळी एकत्र बसली. गर्दी, स्वच्छता, साथीचे रोग, यात्रेकरूंचा निवारा असे प्रश्न घेतले गेले आणि त्यांवर हाताने करून पाहण्याजोगे उपाय शोधले गेले.

त्यातूनच ‘अशिओतो’ ही चटई पुढे आली. या जपानी शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. ती करणाऱ्या गटात शाळकरी वयाचा एक नाशिककर मुलगाही होता. तत्त्व अगदी साधे आहे. चटईवर पाय पडला की दाबामुळे आतल्या थरातून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो. एक लहानसे इलेक्ट्रॉनिक सर्किट तो बदल टिपते आणि अमुक वेळात किती माणसे पुढे गेली याचा आकडा पाठवते. २०१५ च्या सिंहस्थात ती वापरली गेली. १८ तासांत सुमारे ५ लाख माणसे मोजली गेल्याचे तिच्या निर्मात्यांनी सांगितले आहे.

त्या सिंहस्थात २००३ सारखी दुर्घटना घडली नाही. त्याचे श्रेय एकट्या चटईला देणे योग्य होणार नाही. पोलिसांचा बंदोबस्त, घाटांची वाढवलेली लांबी, वाहतुकीची आखणी यांचा वाटा मोठा. पण एक गोष्ट सिद्ध झाली. पंचवटीच्या प्रश्नावरचे औजार नाशकात घडू शकते, आणि ते घडवायला फार मोठा कारखाना लागत नाही.

खुला आराखडा म्हणजे काय?

शेजारणीला लोणच्याची कृती सांगितली म्हणून आपली बरणी रिकामी होत नाही. उलट ती एखादा मसाला बदलून पाहते आणि आपल्याला नवे काही कळते. उपकरणांच्या बाबतीतही असे करणारे लोक आहेत. कोणते भाग लागतात, मापे किती, जोडणी कशी, हे सारे ते खुले ठेवतात. कोणीही ते पाहून वस्तू करावी, दुरुस्त करावी, सुधारावी. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेले ‘आर्डुइनो’ हे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड याच विचाराचे. आज शाळकरी मुलेही त्यावर प्रयोग करतात.

हे काम करायला सामुदायिक कार्यशाळा लागते. एकेकट्याला न परवडणारी यंत्रे तिथे सर्वांसाठी असतात. यात महाराष्ट्र मागे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही तिथली रीत. एमआयटीच्या ‘फॅब लॅब’ या कल्पनेतील अगदी सुरुवातीची कार्यशाळा २००२ मध्ये याच खेड्यात सुरू झाली.

कोरोनाकाळातील परीक्षा

२०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला. डॉक्टर आणि परिचारिकांना चेहऱ्यासमोर धरायचे पारदर्शक पडदे, म्हणजे फेस शील्ड, पुरेनात. परदेशातून माल येईना. तेव्हा मुंबईतील ‘मेकर्स असायलम’ या सामुदायिक कार्यशाळेने एक सोपा आराखडा तयार करून खुला केला. ठिकठिकाणच्या कार्यशाळांनी तो उचलला. ४२ शहरे व गावे मिळून ४९ दिवसांत १० लाख शील्ड तयार झाली. माल दूर पाठवण्याऐवजी आराखडाच पाठवला. वस्तू जिथली तिथे बनली. वाहने बंद असताना याचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको.

मात्र त्याच काळाने मर्यादाही दाखवली. फेस शील्ड तोंडावर उडणारे थेंब अडवते. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण कडेने आत जातात. म्हणून शील्ड हा मास्कला पर्याय नव्हता, जोड होती. वस्तू चांगली असली तरी तिचे काम काय आणि काय नाही, हे समजून घ्यावे लागते.

कुठे थांबावे?

२०२१ मध्ये प्राणवायूची टंचाई झाली तेव्हा हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या यंत्राचेही खुले आराखडे पुढे आले. हेतू उत्तम होता. पण हे काम फेस शील्डइतके सोपे नाही. अशा यंत्रातून येणाऱ्या वायूत प्राणवायूचे प्रमाण सुमारे ९० टक्के असावे लागते. ते ६० टक्क्यांवर आले तरी यंत्राचा आवाज तोच राहतो, नळीतून हवाही तशीच येते. रुग्णाला फरक कळतो तो प्रकृती ढासळल्यावर.

म्हणून एक साधी कसोटी ठेवावी. वस्तू बिघडली तर ते लगेच डोळ्यांना दिसते काय? काठीचे रबर झिजले तर दिसते. चमच्याची मूठ सैल झाली तर हाताला कळते. अशा वस्तू गावात जरूर कराव्यात. उलट रक्तदाब, रक्तातील साखर किंवा प्राणवायू दाखवणारे यंत्र चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवते. शरीरात बसवायची, श्वासाला किंवा रक्ताला जोडायची उपकरणे तज्ज्ञांच्या तपासणीविना वापरू नयेत. आपल्या देशातील २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांतही धोक्याच्या प्रमाणात उपकरणांचे चार वर्ग केले आहेत, ते याच कारणाने.

घरात काय करता येईल?

१. संधिवात किंवा पक्षाघातामुळे मूठ घट्ट वळत नसेल तर चमचा, ब्रश, पेन यांवर जाड मूठ बसवून घ्यावी. सायकलच्या हँडलची रबरी मूठही चालते.

२. काठी रुग्णाच्या मापाची हवी. चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात मोकळे सोडावेत. काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. टोकाचे रबर गुळगुळीत झाले की लगेच बदलावे. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर ते फार धोक्याचे.

३. संडास-न्हाणीघरात धरायचा दांडा बसवून घ्यावा. तो फरशीत नव्हे, भिंतीत पक्का हवा. पूर्ण वजन टाकून, दुसरे माणूस जवळ असताना तपासावा.

४. कडा, टोके, सांधे यांवरून हात फिरवून पाहावा. मधुमेहाच्या रुग्णाला पायाची जखम पुष्कळदा जाणवत नाही, हे ध्यानात ठेवावे.

५. वस्तू कोणी केली, दुरुस्ती कोण करील, हे विचारून ठेवावे. जवळ दुरुस्ती हाच गावातल्या वस्तूचा मोठा फायदा.

गर्दीत सापडल्यास

दोन्ही हात छातीसमोर घेऊन श्वासापुरती जागा राखा. लोटालोट करू नका, उलट दिशेने झगडू नका. जमाव थांबला की तिरके कडेला सरका. पडलेली पिशवी, चप्पल उचलायला वाकू नका. लहान मुलाला उचलून घ्या. कोणी बेशुद्ध पडल्यास मोकळ्या जागी आणून श्वास चालू आहे का ते पाहा आणि १०८ क्रमांकावर कळवा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा.

२०२७ हे पंचवटीतील पर्वस्नानांचे वर्ष. नाशकात तांब्या-पितळेचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे तांबट आहेत, सातपूर-अंबडला कुशल कामगार आहेत, आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. घाटावरचे तात्पुरते कठडे, वृद्धांसाठी धरायच्या दोऱ्या, गर्दी मोजायच्या चटया यांचे नमुने स्नानाच्या बरेच महिने आधी तयार व्हावेत. ओल्या पायऱ्यांवर आणि अरुंद गल्लीत ते खरोखर वापरून पाहावेत, आणि त्या वेळी घाटावरचे पोलीस, डॉक्टर व जीवरक्षक हजर असावेत. स्नानाच्या आदल्या दिवशी बसवलेली चटई कोणाच्या कामाची नाही. ती कशी वाचायची आणि कोणत्या आकड्याला ओघ थांबवायचा, हे ठरवायलाच वेळ लागतो.