माहितीपर लेखाची अंगे आणि त्यांचे वाचन

प्रास्ताविक

कथा किंवा कविता वाचताना आपण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग जातो. माहितीपर लेखाची रचना याहून वेगळी असते. शीर्षक, उपशीर्षके, आकृती, तक्ता, छायाचित्राखालची ओळ, तळटीप, संदर्भसूची ही सारी त्याची अंगे होत. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून अभ्यास करताना वेळ अपुरा पडतो आणि घाईत आपण नेमकी हीच अंगे वगळतो. परंतु विधानाचा नेमका अर्थ आणि त्याचा आधार पुष्कळदा त्यांतच असतो. ती वगळल्यास लेखातील बरोबर माहितीही आपल्या उत्तरात चुकीची होऊन उतरते. हे कसे घडते, ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावरील लेखनाच्या आधारे पाहू.

१. उपशीर्षके

लोणार येथील विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. त्याविषयीच्या लेखात भूशास्त्र येते, खाऱ्या पाण्यातील जीवसृष्टी येते, दैत्यसूदन मंदिराचे स्थापत्य येते आणि लवणासुराची कथाही येते. ‘विवराची निर्मिती’ या उपशीर्षकाखालील विधान पुराव्याने तपासायचे असते. ‘आख्यायिका’ या उपशीर्षकाखालील विधान लोकांच्या श्रद्धेचे व स्मृतीचे साधन म्हणून वाचायचे असते. दोन्हींना मोल आहे, पण त्यांची जात वेगळी आहे. विषय बदलल्याची सूचना देण्याबरोबरच पुढील मजकूर कोणत्या दृष्टीने वाचावा, हेही उपशीर्षक सांगते.

२. आकृती आणि तक्ता

एका लेखात व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर दुसऱ्यात सुमारे १.२ किलोमीटर दिलेला आढळतो. यांपैकी एक आकडा चुकीचा असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. आकृतीतील नावे वाचली की उलगडा होतो. पहिला आकडा विवराच्या काठापासून समोरच्या काठापर्यंतचा आहे, दुसरा तळाशी साठलेल्या पाण्याचा. तक्त्यातही आकड्याआधी स्तंभाचे शीर्षक आणि परिमाण पाहावे. कशाचे मोजमाप आहे हे ठाऊक नसेल, तर आकडा पाठ करून उपयोग होत नाही.

३. छायाचित्राखालची ओळ

गुलाबी पाण्याचे लोणारचे छायाचित्र आपण पाहिले असेल. खालची ओळ न वाचणारा वाचक ‘लोणारचे पाणी गुलाबी असते’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः हा बदल जून २०२० मध्ये दिसून आला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांशी त्याचा संबंध जोडला गेला. छायाचित्र एक क्षण दाखवते; तो क्षण केव्हाचा, हे त्याखालची ओळ सांगते.

४. तळटीप, संदर्भ आणि प्रकाशनवर्ष

सर्वांत मोठा गोंधळ विवराच्या वयाबाबत होतो. काही लेखांत ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर काहींत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिलेले असते. हा फरक दहापटीहून अधिक आहे. येथे तळटीप उपयोगी पडते. पहिला आकडा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील आहे. तो थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे पदार्थ तापवल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापावरून काढला आहे. दुसरा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातील असून तो आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेला आहे. २००५ साली छापलेल्या लेखात दुसरा आकडा असणे शक्यच नव्हते. त्या लेखकास दोष देता येणार नाही. मात्र आज लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे, त्यांची पद्धत आणि वर्ष यांसह नोंदवावेत.

मूळ नोंदीत ‘५२ हजार ± ६ हजार’ असे असते. या चिन्हाचा अर्थ ‘इतके कमी किंवा अधिक असू शकते’ असा आहे. ते गाळले की अंदाजाला निश्चितीचे रूप येते.

वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशातही हीच शिस्त दिसते. नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव असते. ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदीकडे वाचकाला वळवलेले असते.

सारांश

लेख हाती घेतल्यावर प्रथम शीर्षक, लेखक व प्रकाशनवर्ष पाहावे. मग उपशीर्षकांवरून नजर फिरवावी. त्यानंतर मजकूर वाचताना प्रत्येक आकड्याशी थांबून त्याची आकृती, तक्ता वा तळटीप तपासावी. परीक्षेतील उत्तर असो, मुलांना सांगायची माहिती असो किंवा गावातील माहितीफलकाचा मजकूर असो, आपण लिहिलेले पुढे कोणीतरी खरे मानून वाचणार असते. आपल्या वाचनातील चूक त्याच्यापर्यंत पोहोचू नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लोणारच्या व्यासाविषयीचे दोन्ही आकडे बरोबर कसे, ते दोन वाक्यांत स्पष्ट करा.

२. आपल्या परिसरातील एखाद्या स्थळाविषयीचा लेख निवडा. त्यातील कोणती अंगे आहेत व कोणती नाहीत, याची यादी करा. जे अंग नाही, त्यामुळे वाचकाचा कोणता गैरसमज होऊ शकतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.