पिक्चर ट्यूबची काच कुणाची?

परभणीच्या ई-कचऱ्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून भंगाराच्या दुकानात गेलो. तिथे मोबाइल होते, बंद पडलेले इन्व्हर्टर होते, फवारणी पंपांच्या फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. मी थांबलो ते जुना टीव्ही उघडणाऱ्या माणसापाशी. त्यांना सगळे मामा म्हणतात.

मामांचं काम बघत राहावं असं आहे. मागचं झाकण निघालं की आधी ट्यूबवरची रबरी टोपी. तिच्याखाली स्क्रू-ड्रायव्हर सरकवून ते साठलेला करंट तारेवाटे उतरवतात. बंद टीव्हीसुद्धा जबर झटका देतो. मग ट्यूबच्या मानेवरचं सर्किट ओढून काढायचं आणि पक्कडीने मान मोडायची. फस्स करून हवा आत शिरते. मानेवरची कॉइल सुटते, ते तांबं. ट्यूबभोवतीचं वेटोळं तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे नुसता ओरखडा काढून कळतं. इतकी हातोटी भल्याभल्या मेकॅनिकांत नसते.

"आणि काच?"

"काच कुनी घेत नाही भाऊ. ती मागं."

मागे म्हणजे दुकानामागच्या काळ्या मातीत. माझी काळजी तिथून सुरू झाली. एका रंगीत ट्यूबच्या काचेत किलो-दोन किलो शिसं असू शकतं. आतले किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते मुद्दाम घातलेलं असतं. ट्यूब घरात अख्खी असते तोवर ते काचेत बांधलेलं राहतं. फुटली की चुरा, धूळ, पावसाचं पाणी. शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल ते चार-पाच पट जास्त शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर उठतं, हाडांत साठतं आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

या काचेला एकेकाळी गिऱ्हाईक होतं, तेही आपल्याच मुलखातलं. औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत आणि त्याच कंपनीच्या भरूचच्या कारखान्यात जुनी शिसेयुक्त काच वितळवून नव्या ट्यूबसाठी वापरली जाई. अमेरिकेतूनसुद्धा ती तिथे येई. सपाट पडदे आले, ट्यूब बनणं थांबलं आणि काचेची किंमत शून्य झाली.

नियम नाहीत असं नाही. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११चे. आत्ताचे २०२२चे, १ एप्रिल २०२३पासून लागू. त्यांनुसार उत्पादक कंपन्यांनी नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रं घ्यायची. ही प्रमाणपत्रं मिळतात सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांवर. शिसं त्यात नाही. म्हणजे बाजाराने जे टाकलं तेच कायद्यानेही बाजूला ठेवलं. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे ती जेमतेम २२ टक्क्यांची. मामांच्या दुकानामागचा ढीग उरलेल्यांतला.

दुसरी गोष्ट वायरींची. प्लास्टिक जाळून तांबं मोकळं करणं स्वस्त पडतं, पण पीव्हीसीच्या त्या धुरात डायॉक्सिन असतात. ते कर्करोगाला कारण ठरतात. मामा वायर जाळत नाहीत, सोलतात. वेळ जातो, पण तांबं चकचकीत निघतं आणि भाव चांगला मिळतो. भावाने माणूस चांगली पद्धत धरतो, याचा पुरावा त्यांच्याच हातात आहे.

म्हणून मामांना दोष देणं मला पटत नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून महापालिकेसोबत काम करते. कचरा हाताळणाऱ्यांनाच व्यवस्थेत घेता येतं, हे तिथे दिसलं आहे. परभणी महापालिकेने अख्ख्या टीव्हीला आतल्या तांब्याहून जास्त भाव बांधून द्यावा आणि गोळा झालेले टीव्ही नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवावेत. मग मामा ट्यूबची मान मोडणार नाहीत. आणि तुमच्या माळ्यावर जुना टीव्ही पडला असेल, तर तो फोडू नका, सुटा करून विकू नका. नवा घेताना दुकानदाराला जुना अख्खा परत न्यायला लावा.